गुहेतून बाहेर पडणाऱ्या वाचकाला पुढचं पुस्तक कसं सुचवावं

माझ्या कॉलेजात जाणाऱ्या भाचीने जीन ऑएल यांची 'द क्लॅन ऑफ द केव्ह बेअर' आणि तिचा दुसरा भाग अशी दोन जाडजूड पुस्तकं पंधरवड्यात संपवली आणि "मावशी, आता असंच आणखी काहीतरी दे" म्हणत माझ्या कपाटापुढे येऊन उभी राहिली. मला वाटलं, हे तर सोपं आहे. जुन्या काळाची गोडी लागली आहे, तर देऊ या एखादी नावाजलेली ऐतिहासिक कादंबरी. दिली. चौथ्या दिवशी पुस्तक परत आलं. खूण साठाव्या पानावर होती. "चांगलं असेल गं," ती म्हणाली, "पण यातली माणसं नुसती बोलत बसतात. यांना पाणी कोण आणून देतं? सरपण कुठून येतं?"

तो प्रश्न माझ्या डोक्यातून बरेच दिवस गेला नाही. तिला जुना काळ हवा आहे हा माझा समज चुकला होता. तिला हवी होती ती जगण्यासाठी रोज हात चालवणारी माणसं. दरबार, खलिते, सिंहासनावरचे दावे यांच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं. त्यानंतर मी आदिमानवाच्या कादंबऱ्या आवडणाऱ्या बऱ्याच जणांना पौराणिक आणि ऐतिहासिक पुस्तकं सुचवली. काही नेम लागले, काही चुकले. ज्यांना हे काम नव्याने करायचं आहे, मित्रासाठी, वाचनगटासाठी किंवा घरातल्याच कुणासाठी, त्यांच्यासाठी माझी पद्धत पायरी-पायरीने सांगते.

पहिली पायरी: काळ विचारू नका, आठवण विचारा

"तुला अश्मयुग आवडतं का?" या प्रश्नाचं उत्तर "हो" असंच येणार आणि त्यातून हाती काहीच लागणार नाही. त्याऐवजी विचारा, "पुस्तक मिटल्यावर कुठला प्रसंग डोळ्यांपुढे राहिला?" आणि मग गप्प बसून ऐका. याच उत्तरावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

ऑएल यांचंच पुस्तक घ्या. १९८० साली आलेल्या या कादंबरीत भूकंपात घरच्यांना गमावलेली आयला ही आपल्यासारख्या माणसांची पोर निअँडरथल, म्हणजे आता नामशेष झालेल्या दुसऱ्या मानवजातीच्या, टोळीला सापडते. त्या टोळीत बायकांनी शिकार करायची नाही, हत्याराला हात लावायचा नाही. आयला चोरून गोफण शिकते. एकाला त्यातली गोफणच आठवते: दोरीची पकड, खडा कसा निवडायचा, नेम किती वेळा चुकला. दुसऱ्याला इझा आठवते, झाडपाल्याची औषधं देणारी, आयलाला पोटच्या पोरीसारखी वाढवणारी. तिसऱ्याला आठवतो क्रेब, एका हाताने आणि एका डोळ्याने अधू असलेला, पण टोळीचा सगळ्यांत मोठा मांत्रिक. (इराकमधल्या शानिदार गुहेत १९५०च्या दशकात एका निअँडरथल पुरुषाचा सांगाडा सापडला. त्याचा एक हात निकामी होता, डोळ्याजवळच्या हाडाला जबर मार होता आणि तरीही तो बरीच वर्षं जगला होता, म्हणजे कुणीतरी त्याला सांभाळलं होतं. क्रेबचं मूळ त्या हाडांत आहे. हे कळल्यावर मी ते पुस्तक पुन्हा पहिल्यापासून वाचलं.) चौथ्याला आठवतं आयलाचं मूल, दोन वेगळ्या मानवजातींचं मिळून झालेलं. ही कल्पना लेखिकेने मांडली तेव्हा ती निव्वळ कल्पनाच होती. पुढे २०१० साली निअँडरथलांच्या जनुकांचा आराखडा प्रसिद्ध झाला आणि आफ्रिकेबाहेरच्या माणसांत त्यांचा थोडासा अंश आजही आहे, हे सिद्ध झालं.

एकच पुस्तक, चार वाचक, चार वेगळ्या भुका. माझ्या अनुभवात उत्तरं साधारण अशी येतात: हातांनी काही घडवणं आणि तगून राहणं; परक्यांत वाढलेलं, कळपाबाहेर पडलेलं मूल; दोन वेगळ्या मानवजातींची गाठ; आणि मांत्रिक, स्वप्नं, गुहेतली चित्रं, म्हणजे देव घडण्याच्या आधीचा देव. रान, बर्फ आणि जनावरं यांच्यासाठी वाचणारेही असतात. त्यांना पुढे नेणं सगळ्यांत अवघड जातं, कारण इतिहास सुरू झाला की गोष्टीतलं रान आक्रसत जातं.

वाचकाने ऑएल यांच्याऐवजी विल्यम गोल्डिंग यांच्या 'द इनहेरिटर्स'चं नाव घेतलं तर जरा सावध व्हा. १९५५ सालच्या या कादंबरीत गोष्ट बहुतेक निअँडरथलांच्याच नजरेतून दिसते. लोक नावाचा त्यातला नायक पलीकडच्या काठावर एका माणसाला काठी धरलेली पाहतो. काठी दोन्ही टोकांनी आखूड होते, पुन्हा लांब होते आणि लोकच्या कानाशेजारच्या झाडात एक नवीन फांदी उगवते. धनुष्य म्हणजे काय, बाण म्हणजे काय, हेच त्याला ठाऊक नाही. आपल्यावर कुणी बाण सोडला, हे वाचकाला कळतं, त्याला कळत नाही. ज्याला ही जागा आवडली, त्याला नुसती साहसाची गोष्ट पुरणार नाही. वेगळ्या मनाच्या आत शिरायची सवय लावणारं पुस्तकच त्याला द्यावं लागेल.

दुसरी पायरी: पुराण आधी, इतिहास नंतर

हा माझा ठाम आग्रह आहे आणि त्यामागे कारण आहे.

आदिमानवाच्या कादंबरीत लिपी नसते. कुणाचं नाव आपल्याला आधीपासून माहीत नसतं, शेवट काय होणार हे कुठल्याही पाठ्यपुस्तकात छापलेलं नसतं. ऐतिहासिक कादंबरीत नेमकं उलट. तारीख माहीत, निकाल माहीत, नायकाचा पुतळाही पाहिलेला. या दोन टोकांच्या मधोमध पुराणकथा उभी असते. ती लिहिली गेली फार उशिरा, त्याआधी किती पिढ्या तोंडी चालत आली, कोण जाणे. म्हणून तिच्यात जुन्या चालीरीतींचे अवशेष राहून जातात: गायींसाठी होणाऱ्या चढाया, नियोग (नवऱ्याऐवजी दुसऱ्या पुरुषाकडून मूल होऊ देण्याची चाल), वधूसाठी द्यायचं शुल्क, रान जाळून केलेली वस्ती, सर्पाला किंवा अस्वलाला आपला पूर्वज मानणारी कुळं. टोळीच्या गोष्टींत रमलेल्या वाचकाला हे ओळखीचं वाटतं. त्याला एकदम राजवाड्यात नेऊन उभं केलं तर तो माझ्या भाचीसारखा पाणी कोण भरतं म्हणून विचारेल, आणि त्याचं बरोबरच असेल.

मात्र कुठलीही पौराणिक कादंबरी चालत नाही. उचलण्याआधी मधलंच एखादं पान उघडा आणि तीन गोष्टी पाहा. संकट आल्यावर देव येऊन सोडवतो की माणसंच धडपडतात? कुणी स्वयंपाक करतं, जखम बांधतं, गुरं राखतं का? आणि नदी, ऊन, पाऊस यांनी कथेत काही बदलतं का, की ते नुसते वर्णनापुरते आहेत? तिन्ही उत्तरं मनासारखी आली तर पुस्तक चालेल. दोन आली तरी देऊन पाहायला हरकत नाही. प्राचीन काळात विमानं आणि अण्वस्त्रं असलेल्या, हाणामारीच्या वेगाने पळणाऱ्या कादंबऱ्यांचा वाचकवर्ग वेगळा आहे. गारगोटीवर दगड आपटून पातं काढण्याची चार पानं ज्याने चवीने वाचली, त्याला त्यांत हातांचं काम सापडत नाही.

तिसरी पायरी: मधला पूल

थेट महाभारतावर उडी मारण्याआधी एक पुस्तक मध्ये घाला. भारतीय भाषांत यासाठी राहुल सांकृत्यायन यांच्या 'व्होल्गा ते गंगा'इतकं योग्य दुसरं काही मला सापडलेलं नाही. मूळ हिंदी, मराठीत उपलब्ध. ही कादंबरी नाही, वीस कथांची माळ आहे. पहिली कथा इ.स.पू. ६०००च्या सुमाराला व्होल्गाच्या काठावर घडते, शेवटची १९४२ सालात. राहुलजींनी ती हजारीबागच्या तुरुंगात लिहिली.

पहिली कथा 'निशा'. बर्फ, गुहा, शिकार आणि जिच्या शब्दावर सगळं कुटुंब चालतं अशी आई. आई आणि लेक यांच्यातला सत्तेचा झगडा त्यात इतक्या उघडपणे येतो की ऑएल यांचा वाचक लगेच आपल्या जागी येऊन बसतो. पुढच्या कथांत कुटुंबाची टोळी होते, टोळीची जमात, मग गुरं येतात, घोडे येतात, तांबं येतं, आणि मग कुणीतरी कुणाचातरी मालक होतो. वाचक स्वतःच्या पायांनी चालत गुहेतून नगरापर्यंत येतो. म्हणून मी याला पूल म्हणते.

देताना दोन गोष्टी सांगा. एक, पहिल्या चार कथा सलग वाच, मग थांबलास तरी चालेल. पुढच्या काही कथांत माणसांपेक्षा वादविवाद जास्त आहेत आणि कथेची भूक लागलेला वाचक तिथे कंटाळू शकतो. दोन, राहुलजींची समाज बदलण्याविषयीची ठाम मार्क्सवादी मांडणी या कथांच्या पाठीशी आहे आणि १९४०च्या दशकानंतर पुरातत्त्व आणि जनुकशास्त्र खूप पुढे गेलं आहे. हे आधी सांगितलं तर वाचक कथा कथेसारखी वाचतो.

इंग्रजी वाचणाऱ्यांसाठी दुसरा पूल आहे रोझमेरी सटक्लिफ यांची 'वॉरियर स्कार्लेट', १९५८ सालची. कांस्ययुगातलं ब्रिटन. ड्रेम या मुलाचा उजवा हात लुळा आहे आणि त्याच्या जमातीत पुरुष म्हणून मान हवा असेल तर एकट्याने लांडगा मारावा लागतो. नाही जमलं तर मेंढपाळांत जाऊन राहायचं. क्रेब ज्याच्या मनात घर करून राहिला, त्याला मी डोळे मिटून हे देते. कुमारवयीन वाचकासाठी आहे असं समजून मोठ्यांनी ते टाळू नये.

'मुर्दों का टीला' ही रांगेय राघव यांची १९४८ सालची हिंदी कादंबरी मोहेंजोदडोवर आहे. तिथे नगर आधीच उभं आहे, व्यापारी आहेत, गुलाम आहेत. विषय जवळचा असला तरी पूल म्हणून नको, पुढच्या मुक्कामासाठी ठेवा.

चौथी पायरी: पुराणात शिरताना

इथे जरा रेंगाळते, कारण सगळी खरी गंमत इथे आहे.

मराठी वाचकाला पहिली देण्यासारखी कादंबरी म्हणजे एस. एल. भैरप्पा यांची 'पर्व'. मूळ कन्नड, १९७९ सालची, उमा कुलकर्णी यांनी मराठीत आणलेली. महाभारत आहे, पण चमत्कार काढून टाकलेलं. सुरुवात हस्तिनापुरात होतच नाही. मद्र देशात, म्हाताऱ्या शल्याच्या घरी होते आणि तिथे चर्चा चालली आहे ती मुलीच्या लग्नात घ्यायच्या शुल्काची. कुंतीच्या मुलांचे वडील असलेले देव हे हिमालयात राहणाऱ्या एका जमातीचे लोक आहेत. राक्षस म्हणजे रानातली माणसं, त्यांची भाषा, त्यांचं खाणं, त्यांचे नियम वेगळे. भीम आणि हिडिंबा यांची गाठ पडते तेव्हा आयला आणि निअँडरथल टोळीच आठवते: दोन प्रकारची माणसं, एकमेकांना न समजणारी, आणि त्यातून जन्मलेलं मूल. युद्धाच्या भागात तर सैन्याला पाणी कुठून आणायचं, जनावरांना चारा कोण देणार, एवढ्या माणसांची घाण आणि प्रेतं यांचं काय करायचं, हे प्रश्न लेखक सोडत नाही. माझ्या भाचीचा प्रश्न या माणसाने तिच्या कितीतरी आधी विचारून ठेवला होता.

'पर्व' मोठी आहे आणि शरीराबद्दल मोकळेपणाने बोलते. वाचक लहान असेल तर थांबा. महाभारतातली माणसं ज्याला पूज्य आहेत, त्याला देताना हे आधी सांगा आणि त्याचा निर्णय त्याच्यावर सोडा.

दोन मानवजातींच्या भेटीसाठी वाचणाऱ्याला आणखी एक पुस्तक द्या, जरी ते कादंबरी नसलं तरी: इरावती कर्वे यांचं 'युगान्त'. इरावतीबाई मानववंशशास्त्रज्ञ होत्या. पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांच्यासोबत त्यांनी गुजरातेतल्या लांघणज इथे मध्याश्मयुगीन माणसांचे सांगाडे उकरून काढण्याच्या कामात भाग घेतला होता. ज्या हातांनी शिकार करून जगणाऱ्यांची हाडं मातीतून मोकळी केली, त्याच हातांनी द्रौपदीबद्दल आणि कर्णाबद्दल लिहिलं. 'मयसभा' हा लेख आधी वाचायला सांगा. कृष्ण आणि अर्जुन खांडववन जाळतात, हा प्रसंग आपण लहानपणापासून अग्नीची भूक भागवण्याची गोष्ट म्हणून ऐकलेला असतो. इरावतीबाई विचारतात, त्या रानात कोण राहत होतं? शेतीसाठी, वस्तीसाठी जमीन मोकळी करताना आतल्या जिवांचं काय झालं? गोल्डिंग यांच्या नदीकाठावरचा तो बाण आणि खांडववनाची ती आग एकाच घटनेची दोन टोकं वाटायला लागतात.

हिंदी वाचणाऱ्यांसाठी याच वाटेवर आचार्य चतुरसेन यांची 'वयं रक्षामः' आहे, १९५५ सालची. रावणाच्या भोवती दैत्य, दानव, नाग, देव अशा कितीतरी जमाती उभ्या केल्या आहेत. पसारा फार आहे, मध्येच माहितीचे डोंगर येतात. धीर असलेल्यालाच द्या.

मांत्रिक आणि विधी यांच्यासाठी वाचणाऱ्याला मी ग्रीसला पाठवते. मेरी रेनॉल्ट यांची 'द किंग मस्ट डाय', १९५८. थीसिअस हा ग्रीक वीर आणि मिनोटॉर हा बैलाच्या डोक्याचा राक्षस यांची कथा, पण यात तसा राक्षस नाही. क्रीटच्या राजवाड्यात बैलावरून कोलांटी मारणारी तरुण मुलं-मुली आहेत. क्रीटमधल्या क्नॉसोस इथल्या राजवाड्याच्या उत्खननात, जे १९०० साली सुरू झालं, अशा उडीचं भित्तिचित्र खरोखर सापडलं. मुलाचे हात बैलाच्या पाठीवर, पाय हवेत, पुढे-मागे आणखी दोघं. रेनॉल्ट यांनी त्या चित्रातून अख्खं जग उभं केलं: बैलाची शिंगं कशी धरायची, खाली कोण झेलणार, संघात एकाने कच खाल्ली तर कोण मरणार. शिकारीच्या टोळीत जसा एकाचा जीव दुसऱ्याच्या हातात असतो, तसंच. देव यात आहे, पण कसा? थीसिअसला भूकंपाची चाहूल आधी लागते. तो तिला देवाची हाक म्हणतो, आपण जनावरांसारखी जाणीव म्हणू शकतो, आणि लेखिका दोन्ही अर्थ शेवटपर्यंत जिवंत ठेवते. एलेफ्सिस या ग्रीक नगरात तर दरवर्षी राजाला मारून नवा राजा करण्याची प्रथा आहे, कारण तिथली सत्ता भूमातेची. क्रेबच्या गुहेतली अस्वलपूजा ज्याने श्वास रोखून वाचली, तो हे पुस्तक खाली ठेवत नाही.

आता 'ययाति' आणि 'मृत्युंजय' यांच्याबद्दल, कारण मराठी घरात पौराणिक कादंबरी म्हटलं की हीच दोन नावं पहिली पुढे येतात. खांडेकरांची 'ययाति' (१९५९) मला अतिशय प्रिय आहे, पण ती वासनेची आणि मनाच्या आतल्या झगड्याची कादंबरी आहे. बाहेरचं जग, हातांचं काम, रान तिच्यात शोधायला गेलात तर फारसं मिळणार नाही. म्हणून या वाचकाला ती पहिली नको, तिसरी-चौथी द्या.

'मृत्युंजय'चं मात्र वेगळं आहे. शिवाजी सावंतांच्या १९६७ सालच्या या कादंबरीची भाषा अलंकारांनी भरलेली आहे, आणि सरळ, कोरड्या वर्णनांची सवय झालेल्या वाचकाला ती सुरुवातीला जड जाईल. तरीही आयलावर जीव जडलेल्या वाचकाला ती पहिलीच द्यायला मी कचरत नाही. आयला नदीकाठी परक्यांना सापडते, परक्यांच्या नियमांत वाढते, त्यांच्यापेक्षा सरस ठरते आणि तरी 'आपली' कधी होत नाही. कर्ण पाण्यावरून वाहत येतो, सूताच्या घरी वाढतो, आणि पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. पाण्यावरून आलेलं, दुसऱ्यांनी वाढवलेलं मूल हे माणसांच्या गोष्टीतलं फार जुनं मूल आहे. ते दाखवून द्या, वाचक स्वतःच पुढे जाईल. शिवाय ही कादंबरी सहा जण आपापल्या तोंडाने सांगतात. कर्णाचा धाकटा भाऊ शोण जिथे बोलतो, ती पानं आधी चाळायला सांगा. दरबाराबाहेरच्या माणसाची नजर तिथे आहे.

पाचवी पायरी: आता इतिहास

इथवर आलेला वाचक ऐतिहासिक कादंबरीला तयार असतो, तरी निवडताना एकच गोष्ट पाहा: निवेदन सिंहासनावरून चाललंय की जमिनीवरून?

पाण्यावरून आलेल्या मुलाचा धागा पकडलाच आहे तर मिका वॉल्टरी या फिनिश लेखकाची 'द इजिप्शियन' (१९४५) द्या. सिनुहेही नाईलवर लव्हाळ्याच्या होडीत सापडलेला. तो वैद्य होतो, कवटी उघडून शस्त्रक्रिया करायला शिकतो. इझाची औषधं आठवणारा वाचक त्याच्याबरोबर फेरो अखेनातेनच्या महालात बिनतक्रार जातो, कारण तो तिथे वैद्याच्या हातांनी शिरतो.

तगून राहण्याच्या गोष्टी आवडणाऱ्याला विश्वास पाटलांची 'पानिपत' (१९८८). लोक तिला लढाईची कादंबरी समजतात. मी तिला भुकेची कादंबरी म्हणून देते. १४ जानेवारी १७६१ च्या आधीचे महिने वाचा: अडलेली रसद, थंडी, लढवय्यांच्या बरोबर आलेले हजारो न लढणारे लोक, अन्नाविना खंगणारी जनावरं. बर्फात अडकलेली टोळी आणि ही छावणी यांच्यात फार अंतर नाही. "मधली तहाची बोलणी कंटाळवाणी वाटली तर भरभर वाच, छावणीत परत आलास की सावकाश हो," एवढं सांगून द्या.

नंदा खरे यांची 'अंताजीची बखर' ही साध्या माणसाच्या पायांनी अठराव्या शतकातून चालते. मिश्कील आहे, भाषेची गोडी असलेल्याला जास्त रुचते.

आणि एक पुस्तक, जे ऐतिहासिकच्या खणात सहसा ठेवलं जात नाही: चिनुआ अचेबे यांचं 'थिंग्ज फॉल अपार्ट', १९५८. रताळ्यासारख्या कंदांची शेती, मुखवटे घालून येणारे पूर्वज, देवीचा कौल, कुळाचे कडक नियम आणि मग बाहेरून आलेले परके. 'द इनहेरिटर्स' आवडलेल्या वाचकाला हे दिलं की तो बहुतेक वेळा दोन दिवसांत परत येतो, आणि आल्यावर आधी थोडा वेळ बोलत नाही.

सहावी पायरी: हातात देताना

यादी देऊ नका. दहा नावं दिली की वाचक एकही उघडत नाही. एकच पुस्तक द्या आणि एका वाक्यात सांगा की हेच का. "तुला क्रेब आवडला ना, मग हा ड्रेम बघ." एवढं पुरे.

पन्नास पानांनी विचारा, आधी नको. नाही आवडलं म्हणाला तर पुस्तकाची वकिली करू नका. कुठे अडलं ते विचारा. नावं लक्षात राहत नाहीत असं म्हणाला तर एका कागदावर कुळांचं झाड काढून द्या. पौराणिक कादंबरीत एकाच माणसाची तीन नावं असतात आणि आदिमानवाच्या गोष्टीत ही अडचण कधी आलेली नसते. भाषा जड वाटली तर पुस्तक बदला. "काही घडतच नाही" म्हणाला तर पहिल्या पायरीवर परत जा. त्याची भूक ओळखण्यात आपली चूक झालेली असते.

"हे खरंच असं घडलं होतं" असं सांगून कुठलंही पुस्तक देऊ नका. शानिदारमध्येच एका दफनात फुलांचे परागकण सापडले, म्हणून निअँडरथल आपल्या मृतांवर फुलं वाहत असं मानलं गेलं. नंतर काही अभ्यासकांनी दाखवलं की ते परागकण बिळं करणाऱ्या प्राण्यांनी किंवा मधमाश्यांनीही आणलेले असू शकतात. हाडं समोर असताना ही स्थिती, मग तोंडी चालत आलेल्या कथेबद्दल काय बोलावं! लेखकाने कुठल्या पुराव्यावर घर बांधलंय आणि कुठे कल्पनेचा खांब रोवलाय, हे वाचकाशी बोलायला मात्र फार मजा येते. ते बोलणं पुस्तक वाचून झाल्यावर करा.

भाचीला मी दुसऱ्या खेपेला 'युगान्त' दिलं, 'मयसभा' या लेखावर खूण घालून. तो वाचून ती थेट मूळ महाभारताचं भाषांतर मागायला आली. तिला आदिपर्वातलं खांडवदाहाचं प्रकरण हवं होतं. त्यात जरिता नावाची एक पक्षीण आहे. आग जवळ येत चालली आहे आणि तिच्या चार पिल्लांना अजून पंख फुटलेले नाहीत. ती म्हणते, समोर उंदराचं बीळ आहे, त्यात शिरा, मी वरून माती लोटते. पिल्लं म्हणतात, बिळात उंदीर आम्हाला खाईल, त्यापेक्षा आग बरी, तू उडून जा, जगलीस तर तुला पुन्हा पिल्लं होतील. भाचीने तेवढा भाग मला मोठ्याने वाचून दाखवला, मध्ये थांबली, पान उलटून मागे गेली आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागली.